स्टुडिओ सत्तर

...अहो बंद करा ना, माझं कुठं काय म्हणणं आहे? कारखाना तुमचा, साचे तुमचे, कामगार तुमचे, आज चालू करा, उद्या बंद करा, परवा त्या जागेवर गोठा बांधा... पण एका बाईनं चार-चार पत्रं लिहिल्यावर, तीही घोटीव अक्षरात, डाव्या बाजूला समास सोडून, 'कृ.सा.न.वि.वि.' घालून, तर निदान चौथ्या पत्राला तरी उत्तर बदलावं की नाही? तुम्हाला सांगते, चारही उत्तरं एकाच ठशातली. 'महोदय'... मी खाली सही काय करते, सौ. शिवकांता, आणि वर हे महोदय! 'महोदय, आपले पत्र मिळाले, आनंद झाला.' तुला कशाचा आनंद झाला रे बाबा? 'आपण विचारणा केलेल्या स्टुडिओ सत्तर या हेडफोनचे उत्पादन थांबवण्यात आले आहे. कृपया आमची इतर आकर्षक मॉडेल्स पाहावीत.' झालं! म्हणजे एवढा कागद, एवढी शाई, एवढं पोस्टाचं तिकीट, आणि आत काय, तर मॉडेल बंद झालंय.

आता तुम्ही म्हणाल, गंगाखेडच्या गूळ-तेलाच्या दुकानदाराची बायको, हिला हेडफोन कशाला लागतोय? आमच्या शेजारच्या कस्तुराबाईंनी तर पहिल्या दिवशीच विचारलं होतं, "काय गं, इमान चालवायचं टोपडं हाय का हे?" तेव्हा आधी बसा, सांगते. मी बी.ए. आहे. म्हणजे, शेवटच्या वर्षाचा एक पेपर राहिलाय, पण घरात सगळे मला बी.ए.च म्हणतात, आणि भाजीत मीठ जास्त पडलं की जरा जोरातच म्हणतात. आणि माझी मुलगी मल्लम्मा, आमच्या यांच्या आजीचं नाव ठेवलंय, आम्ही मल्लू म्हणतो, आता साडेचार वर्षांची आहे. हे साडेचार लक्षात ठेवा, कारण मला दुसरं काही लक्षात राहत नाही.

तर ही मल्लू दीड वर्षाची असतानाची दिवाळी. गल्लीत पोरांनी लक्ष्मी बॉम्ब लावलेत, पत्रे थरथरायलेत, शेजारची म्हैस दावं तोडून पळालीय, आणि आमची मल्लू पाळण्यात गाढ झोपलेली! सगळी गल्ली बघायला आली. "लय गुणाची लेक गं! बॉम्बनंसुद्धा उठत न्हाई!" कुणी तिच्यावरनं मीठ-मोहरी उतरवून टाकली, कुणी म्हणालं, सासरी सुखानं नांदेल. आणि मी काय करत होते? मी, बी.ए., पाळण्याच्या कडेला उभी राहून अभिमानानं हसत होते. मानसशास्त्र होतं मला पहिल्या वर्षाला! त्यात 'बालकाच्या प्रतिक्रिया' असा अख्खा धडा होता, मी तो पाठ केला होता, परीक्षेत आला पण होता... आणि घरात समोर आला तर मी ओळखला नाही. त्यानंतर एक वर्ष गेलं बघा. एक अख्खं वर्ष मी गुणाची लेक, गुणाची लेक करत घालवलं.

मग डॉक्टर. परभणीचे झाले, औरंगाबादचे झाले. औरंगाबादच्या डॉक्टरांनी मल्लूच्या मागे उभं राहून घंटा वाजवली, डबा वाजवला, ढोलकी वाजवली, आणि ढोलकीला तिनं मान जराशी वळवली. एवढीशी. ते म्हणाले, "थोडं शिल्लक आहे. जाड आवाज, अगदी कानाला लागून आले, तर पोहोचतात. कानावर बोलणं पडत राहिलं तर मुलगी बोलेल. पण पाच-सहा वर्षांची व्हायच्या आत. त्यानंतर..." आणि त्यानंतरच्या पुढं त्यांनी पेनाला टोपण लावलं.

शिबिरात ऐकायचं यंत्र मिळालं, नाही असं नाही. छातीवर बांधायची डबी, तिची वायर, आणि कानात घालायचं बोंड. आता ते बोंड होतं मोठ्या माणसाच्या मापाचं. मुलीच्या कानात ते बसायचं नाही, आणि बसलं नाही की शिट्टी मारायचं. कुकरसारखी! घरात शिट्टी झाली की सासूबाई म्हणायच्या, "सूनबाई, वरण उतर." मी म्हणायची, वरण नाही हो आत्याबाई, मल्लू आहे. चौथ्या दिवशी मल्लूनं ते उपटलं आणि दुकानातल्या उघड्या गुळाच्या ढेपेत खुपसलं, अगदी बोटानं दाबून दाबून. तिथं ते आठ दिवस गुण्यागोविंदानं राहिलं.

आणि मग माझा भाऊ आला, नागप्पा. पुण्याला भजना-कीर्तनाच्या कॅसेटी भरून देणाऱ्या दुकानात कामाला असतो. त्याच्या मालकानं परदेशी सामान घेतलं, जुनं काढलं, त्यातनं यानं ते मागून आणलं. 'ध्वनिसागर' कंपनीचा स्टुडिओ सत्तर. काय सांगू तुम्हाला! काळाभोर, दोन्ही बाजूंना रायत्याच्या वाटीएवढ्या वाट्या, आत मऊ चामड्याची गादी, वजन चांगलं शेरभर. डोक्यावर चढवला की गल्ली पुसली जायची. भोंगा नाही, म्हैस नाही, कस्तुराबाई नाहीत... मी एकदा नुसताच घालून पाच मिनिटं बसले होते, लग्नानंतर तेवढीच काय ती माझी विश्रांती. नागप्पा म्हणाला, "अक्का, हेडफोनात हे म्हणजे खणखणीत नाणं. गाणारे लोक ह्याच्याबिगर दुसऱ्याला हात लावत न्हाईत." त्यानं टेपरेकॉर्डरला माईक लावला, दोन बटणं एकदम दाबून कशी ठेवायची ते दाखवलं, म्हणजे कॅसेट फिरत नाही पण माईकमधलं बोलणं सरळ हेडफोनात उतरतं. वाट्या एवढ्या मोठ्या की मुलीचा अख्खा कान आत जायचा. शिट्टी नाही, काही नाही.

मी माईक तोंडाशी धरला आणि म्हटलं, "मल्लू." काही नाही. "मल्लू. मल्लू बाळा." ती समोर बसून माझ्या बांगड्या मोजायलीय. मी पंचवीस वेळा म्हटलं असेल. तेवढ्यात मागनं सासूबाई आल्या. त्यांचं नाव नागुबाई, आणि त्यांचा आवाज म्हणजे... बघा, आमच्या गल्लीच्या त्या टोकाला एक म्हातारा कुत्रा झोपतो, त्या इकडं "दूध ओतू जायलंय" म्हणाल्या की तो तिकडं उठून बसतो. तर त्या दारातून दूधवालीवर ओरडल्या, "अगं थांब की!" आणि तुम्हाला सांगते, मल्लू दचकली. तिनं दोन्ही वाट्यांवर हात ठेवले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि हसली. तीन वर्षांत तिला पहिल्यांदा कुणाचं बोलणं ऐकू आलं, आणि ते माझं नव्हतं, सासूबाईंचं होतं, आणि तेही दूधवालीला.

त्या दिवसापासनं दोन पाळ्या लागल्या. सकाळी सासूबाईंची लिंगपूजा झाली की, म्हणजे डाव्या तळहातावर लिंग घ्यायचं, पाणी घालायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा, हे चाळीस वर्षांत चुकलेलं नाही, तर ते झालं की तसंच सोवळ्यात बसून माईक हातात. "मल्लम्मा, म्या कोण हाय? आज्जी. मव्हं नाव काय हाय? आज्जी. तुला गूळ कोण देतंय? आज्जी." दुसरा विषयच नाही! दुपारी माझी पाळी. मी चित्रांची पुस्तकं घेऊन, पद्धतशीर, एक शब्द दहा वेळा. आणि सहा महिन्यांनी मल्लू काय बोलली? आज्जी. मग बोलली, दे. मग बोलली, न्हाई. तिन्ही शब्द सासूबाईंच्या पाळीतले. डॉक्टर म्हणाले, तुमचा आवाज बारीक आहे, 'ई' तर फारच बारीक, वेळ लागेल, धीर धरा. मी धीर धरला, पण खरं सांगू का, मला त्या म्हातारीचा हेवा वाटायचा. साठ वर्षांच्या बाईचा, तिच्या फाटक्या आवाजाचा! मी कोपऱ्यात जाऊन जाड आवाज काढून बघायची, तर आमचे हे दुकानातनं विचारायचे, "घसा बसलाय का?" पण श्रावण सरता सरता मल्लू माझ्याकडं बघून म्हणायला लागली, "आ." ओठांकडं बघायची, पुढं काहीतरी आहे हे तिला कळलं होतं, ते शोधायची. "आ..." आता फक्त 'ई' राहिला होता. दसऱ्यापर्यंत येईल असं मी मनात धरलं.

दसऱ्याच्या आधी काय येतं? खंडेनवमी येते.

आमच्या घरी खंडेनवमी म्हणजे, ज्याच्यावर पोट चालतं ते सगळं धुऊन पुजायचं. तराजू, मापं, तेलाची नळी, विळी, कुदळ, यांची सायकल. आदल्या दिवशी सासूबाई मला म्हणाल्या, "सूनबाई, लेकराचं ते कानाचं पण पूजेत मांडू का गं?" मी पुरणाच्या डाळीत हात घालून बसले होते. मी म्हटलं, "मांडा की." दोन शब्द. बी.ए. झालेल्या बाईचे. मला वाटलं, काय करतील, हळदीकुंकवाचं बोट लावतील, फूल ठेवतील. मी विचारलं का, की मांडा म्हणजे काय? नाही विचारलं. दुसऱ्या दिवशी मी पुरण वाटायलीय, बाहेर घंटा वाजायलीय, मंत्र चाललेत, आणि मला बरंसुद्धा वाटायलंय, घरात काहीतरी मंगल चाललंय म्हणून...

हात पुसत बाहेर आले. तराजूला हळदीचं बोट होतं. सायकलला हळदीचं बोट होतं. आणि मधोमध पाटावर, केळीच्या पानावर, स्टुडिओ सत्तर! सासूबाईंनी त्याला अभिषेक घातला होता. दूध, दही, तूप, मध, साखर, आणि वरनं तांब्याभर पाणी. दोन्ही वाट्या उताण्या करून, आतनं. गादीतनं दूध निथळायलंय, दोन्ही वाट्यांवर भस्माचे तीन-तीन पट्टे ओढलेत, वर बेलाचं पान. आणि सासूबाई समोर हात जोडून, डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, आत्याबाई, हे काय केलंत? तर त्या माझ्याकडं बघून अगदी शांतपणे म्हणाल्या, "तराजूला बोट लावलं तरी चालतंय गं. पण लेकराच्या तोंडून मला आज्जी म्हणवलं ह्यानं. ह्याला बोट लावून कसं भागंल? माझ्या लिंगाला घालते तेच पाणी घातलंय."

आता बोला. काय बोलता? भांडायला समोर माणूस वाईट असावा लागतो हो! मी ते पाटावरनं उचललं आणि उन्हात वाळत घातलं.

दोन दिवस चाललं. खरखरत, पण चाललं. तिसऱ्या दिवशी मधाच्या वासानं मुंग्या शिरल्या. चौथ्या दिवशी मी ते घेऊन दत्तरावांकडं गेले, रेडिओ दुरुस्त करतात, बसस्टँडच्या मागं दुकान आहे. त्यांनी वाटी उघडली, वास घेतला, माझ्याकडं बघितलं, परत वास घेतला. "वहिनी, ह्यात दही कसं काय आलं?" मी म्हटलं, पूजा होती. त्यांनी मान डोलवली, म्हणजे त्यांना नवल वाटलं नाही, त्यांनी गेल्या वर्षी कुणाच्यातरी पाण्याच्या मोटारीतनं नारळाचं खोबरं काढलं होतं. मग म्हणाले, "आवाजाचा पडदा असतोय आत, कागदावानी. तो दह्यानं आखडलाय, अन् राहिलेला मुंग्यांनी खाल्लाय. पडदा नवा टाकला तर चालंल. पण मिळायचा न्हाई. दोन वर्षं झाली, मॉडेल बंद झालंय."

तिथं मी ते वाक्य पहिल्यांदा ऐकलं बघा. आणि मग सगळे मला समजवायला लागले. दुसरं घ्या! कस्तुराबाई, दुसरं घ्या. आमचे हे, आपण दुसरं घेऊ. अहो, मी काय पातेलं हरवून आलेय का? पण घेतलं. बाजारात आता जे मिळतात ना, ती म्हणजे तारेला लावलेली लिंबाएवढी दोन स्पंजं, केशरी रंगाची. कानावर नुसती टेकतात. आवाज कानात कमी आणि खोलीत जास्त. मल्लूनं पहिलं घातलं, थोडा वेळ थांबली, काढलं आणि त्याचं स्पंज खाल्लं. मग यांनी परभणीहून आणखी महागातलं आणलं. ते घातलं, थांबली, काढलं, आणि उठून आत गेली. बाहेर आली ती तो जुना, मेलेला स्टुडिओ सत्तर घेऊन. तो तिनं स्वतःच्या हातानं डोक्यावर चढवला, टेपरेकॉर्डरसमोर मांडी घातली, हात मांडीवर ठेवले, आणि बसली.

रोज बसते. सकाळी एकदा, दुपारी एकदा, दोन्ही पाळ्यांना. तिला वाटतं, आम्हीच बोलायचं सोडलंय.

माझा 'आ' गेला पहिल्याच महिन्यात. मग 'दे' गेलं, आता नुसता हात पुढं करते. 'आज्जी'चं 'आज' झालंय. सासूबाई तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडतात, घसा फुटेपर्यंत, आणि मग देव्हाऱ्यापुढं जाऊन बसतात आणि काहीच मागत नाहीत. सोमवार करायच्या, आता गुरुवार, शनिवार पण करतात. मी एकदा त्यांना म्हटलं, आत्याबाई, चूक माझी आहे, मीच मांडा म्हणाले. तर त्या म्हणाल्या, "तू फकस्त म्हणलीस. तांब्या मव्हा होता." घ्या! आमच्या घरात चुकीवरसुद्धा माझा हक्क नाही.

म्हणून पत्रं लिहिली. चार. चारही वेळा, मॉडेल बंद झालंय. मग म्हटलं, कागदाला डोळे नसतात, माणसापुढं मुलगीच नेऊन उभी करावी. गेले. मल्लू कडेवर, स्टुडिओ सत्तर पिशवीत, परभणीहून पुण्याची एस.टी. आणि पाथरीला गाडी थांबली. पुढं रस्ता रोको. विद्यापीठाच्या नामांतराचा. दोन तास, तीन तास, गाडीत लोक चिडायलेत, एका नावापायी सगळी दुनिया खोळंबली म्हणायलेत. माझ्याशेजारी एक बाई होती, नर्मदाबाई नाव, हातात भाकरीचं गाठोडं, ती हळूच म्हणाली, "मव्हा लेक बसलाय तिथं पुढं, रस्त्यावर." तिला वाटलं आता मी पण काहीतरी बोलेन. मी म्हटलं, बसू द्या हो. आपलं नाव कानावर पडावं म्हणून माणूस काय काय करतं ते मला विचारा. तिनं गाठोडं सोडलं आणि मल्लूला अर्धी भाकरी दिली. मग मी तिला स्टुडिओ सत्तरची सगळी हकिगत सांगितली, आणि 'दुसरं घ्या' न म्हणालेली ती एकटीच.

तर कंपनी. काचेचं दार. आत विक्रीचे साहेब, माझ्याच वयाचे असतील, टाय लावलेला, बोलायला चांगले, पाणी विचारलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी टेबलावर सात-आठ हेडफोन मांडले, लाल, निळे, फुलपाखरासारखे. "मॅडम, लोकांना आता हलकं हवंय. डोक्यावर आहे की नाही हे कळलंच नाही पाहिजे." मी म्हटलं, आमच्या मुलीला कळलं पाहिजे. आणि मी सगळं सांगितलं. ढोलकीपासनं. खंडेनवमीसुद्धा सांगितली, आता लाजून काय करायचं? पिशवीतनं तो काढून टेबलावर ठेवला. साहेबांनी तो हातात घेतला, आणि तुम्हाला सांगते, त्या माणसाचा चेहरा बदलला. म्हणाले, "असा आम्ही पुन्हा बनवला नाही." मग म्हणाले, "पण मॅडम, मॉडेल बंद झालंय. स्टुडिओवाले परदेशी घेतात, घरचे लोक हलकं घेतात. हा घ्यायला कुणी उरलं नाही." मी म्हटलं, मग नुसते दोन पडदे द्या. तर म्हणाले, पडदे शिल्लक नाहीत, एकही नाही. तेवढ्यात मल्लूनं काय करावं? टेबलावरनं तो उचलला, डोक्यावर चढवला, साहेबांसमोर मांडी घालून बसली आणि त्यांच्या तोंडाकडं बघायला लागली. साहेबांनी टाय सैल केला. उठले, आतल्या खोलीत गेले, कुणाशीतरी फोनवर बोलले, बराच वेळ. बाहेर आले ते हसत.

"मॅडम, साचा मोडलेला नाही! गोदामात आहे. पाचशे नगांची मागणी आणा. एका महिन्यात लाइन चालू करून देतो, माझा शब्द."

पाचशे. मला इतका आनंद झाला, पाचशे म्हणजे काय, असं वाटलं! पाथरी येईपर्यंत वाटत होतं. मग मी बोटं मोजायला लागले. स्टुडिओवाले घेणार नाहीत, घरचे घेणार नाहीत. मग हा शेरभर वजनाचा हेडफोन कुणाला पाहिजे? मल्लूसारख्याला पाहिजे. म्हणजे मला पाचशे मल्लू पाहिजेत. एक घरात आहे, चारशे नव्व्याण्णव राहिल्या.

वही केली. दोनशे पानी, वर श्री लिहून. शाळेच्या मास्तरांना विचारलं, शिबिराच्या यादीतली नावं उतरवून आणली, बाजारच्या दिवशी चौकात उभी राहिले, गावोगाव पत्रं धाडली. आणि मला वाटलं होतं, लोक धावत येतील! बोरीला एक घर सापडलं, जिंतूर तालुक्यातलं, तिथवर गेले. आई दारातच उभी. आत पोरगी दिसायलीय मला, मल्लूएवढी, भिंतीकडं तोंड करून खेळायलीय, हाका मारल्या तरी वळेना. आणि आई म्हणते, "आमच्यात तसं कुणी न्हाई." मी म्हटलं, बाई, नाव लिहिलं तर तिला ऐकू येईल. तर तिनं दार ओढून घेतलं आणि फटीतनं म्हणाली, "लिहू नका हो. मोठीचं जमायलंय. पाव्हण्यांना कळलं की आमच्यात असं हाय, तर मोडंल." असं गावोगाव. एकीचं जमायलंय, दुसरीचं मोडलंय, तिसरीची सासू म्हणते, गुणाची लेक हाय, आवाजानं उठत न्हाई... आता त्या सासूला मला कुठल्या तोंडानं बोलता येईल?

आठ महिन्यांत एकोणीस. मल्लू धरून. आणि मल्लू साडेचार.

आणि माणसाचं मन कसं असतं बघा. सुरुवातीला कुणाचं मूल ऐकत नाही असं कळलं की माझ्या पोटात खड्डा पडायचा. मग खड्डा पडायचा आणि लगेच हात पिशवीतल्या वहीकडं जायचा. मग नुसताच हात जायला लागला. कुणी म्हणालं, अमक्याच्या पोराला मोठा ताप आला होता, तर मी विचारते, किती मोठा? डोक्यात गेला का? समोरचा माणूस दोन पावलं मागं सरकतो. देवळात हात जोडले की मी काय मागते, ते मला एकदा आपलं आपल्यालाच ऐकू आलं, आणि मी घंटा न वाजवताच बाहेर आले.

तर गेल्या महिन्यात कस्तुराबाईंच्या नातवाचं बारसं. गल्लीतल्या सगळ्या बाया, घुगऱ्या, पाळण्याला फुलं. मी पण गेले, झबलं घेऊन, चांगल्या मनानं गेले हो, शपथ घेते. सगळ्या म्हणायल्या, लय शांत लेकरू, रडत न्हाई, कुरकुरत न्हाई. हे कानावर आलं आणि मी पुढं कधी गेले, पाळण्याशी कधी वाकले, मला काहीसुद्धा आठवत नाही. मी त्या लेकराच्या डोक्यामागं हात नेऊन फाडकन टाळी वाजवली.

पोरगं दचकलं. असं दचकलं, दोन्ही हात पसरले, तोंड लालबुंद केलं आणि टाहो फोडला. ठणठणीत कान! सगळ्या बाया हसल्या, कस्तुराबाई तर खूश होऊन म्हणाल्या, "बघा, माझ्या नातवाला कसं लख्ख ऐकू यायलंय!" आणि त्या माझ्याकडं बघायला वळल्या. सगळ्याच वळल्या. आणि माझं तोंड उतरलेलं होतं. मी सावरलं लगेच, हसले, झबलं पाळण्यात ठेवलं, पण त्यांनी बघायचं ते बघितलं. कस्तुराबाईंनी पाळणा आपल्या बाजूला ओढून घेतला.

त्यानंतर गल्लीत दोन बारशी झाली. एक समोर, एक मागच्या घरी. घुगऱ्या आमच्याकडं आल्या, वाटीत, वर झाकण ठेवून. बोलावणं आलं नाही. आमचे हे म्हणाले, आपण जाऊन विचारू का त्यांना? मी म्हटलं, कशाला? बरोबरच आहे त्यांचं.

त्यांच्या जागी मी असते तर मीसुद्धा मला बोलावलं नसतं.